चिठ्ठीवर ओडी, बीडी, एसओएस आणि १/१२ असं लिहिलंय. याचा नेमका अर्थ काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६४ वर्षांचे, शुगर आणि बीपी. छत्रपती संभाजीनगरला दाखवून आणलं. चिठ्ठीवर गोळ्यांच्या नावापुढं कुठं ओडी, कुठं बीडी, एसी, पीसी, एचएस, एसओएस आणि सगळ्यात खाली १/१२. नेटवर शोधलं तर ओडी म्हणजे उजवा डोळा असं निघालं आणि वडिलांच्या डोळ्याला तर काहीच झालेलं नाही. १/१२ म्हणजे १ डिसेंबरला बोलावलंय का, हेही विचारलंय.

मी फार्मासिस्ट आहे. बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी १९ वर्षांपासून मेडिकल चालवतो. आधी तुमची काळजी मिटवतो.

ओडी दोन आहेत. लॅटिनमध्ये उजव्या डोळ्याला 'ऑक्युलस डेक्स्टर' म्हणतात, त्याचं ओडी होतं. आणि 'ऑम्नी डाय' म्हणजे रोज, त्याचंही ओडीच होतं. चष्म्याच्या नंबराच्या कागदावर ओडी असेल तर तो उजवा डोळा. तिथंच डाव्याला ओएस आणि दोन्हींना ओयू लिहितात. गोळीपुढं ओडी असेल तर दिवसातून एकदा. तुमच्या वडिलांच्या चिठ्ठीवरचं ओडी हे दुसरं. खरी अडचण डोळ्यांच्या थेंबांची होते, कारण तिथं दोन्ही अर्थ बसतात. आपल्याकडचे बरेच नेत्रतज्ज्ञ म्हणूनच आरई (उजवा डोळा), एलई (डावा), बीई (दोन्ही) असं लिहितात. थेंबांच्या चिठ्ठीवर नुसतं ओडी दिसलं तर विचारल्याशिवाय थेंब टाकू नका.

१/१२ ही तारीख नाही. खालचे १२ म्हणजे वर्षाचे बारा महिने, त्यातला एक. म्हणजे एका महिन्याच्या गोळ्या, किंवा 'रिव्ह्यू' शब्दापुढं असेल तर एका महिन्यानं परत दाखवा. याच पद्धतीनं ५/७ म्हणजे आठवड्याच्या सातांपैकी पाच दिवस आणि २/५२ म्हणजे वर्षाच्या बावन्नांपैकी दोन आठवडे. तेव्हा १ डिसेंबरची वाट बघू नका, महिना भरला की घेऊन जा.

बाकीची अक्षरंही लॅटिनमधूनच आली आहेत. चिठ्ठीच्या सुरुवातीला जे आरएक्ससारखं चिन्ह असतं, ते 'रेसिपे' या शब्दाचं, म्हणजे 'घे'. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस किंवा टीआयडी तीनदा, क्यूआयडी चारदा. स्टॅट म्हणजे ताबडतोब. एचएस म्हणजे झोपायच्या वेळी. १-०-१ असं असेल तर सकाळ-दुपार-रात्र या क्रमानं वाचा: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. अँटिबायोटिकच्या बाबतीत बीडीचा अर्थ नुसता 'दोन वेळा' नसून साधारण बारा तासांच्या अंतरानं असा धरावा. सकाळी अकराला एक आणि संध्याकाळी पाचला दुसरी घेतली, तर दिवसाच्या दोन गोळ्या पोटात जातात, पण पुढचे अठरा तास अंगात औषध कमी पडतं.

एसी म्हणजे जेवणाआधी आणि पीसी म्हणजे जेवणानंतर. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त घोळ या दोन अक्षरांत होतो, म्हणून इथं थांबतो.

लोक एसीचा अर्थ 'उपाशीपोटी' असा धरतात. थायरॉइडच्या गोळीला तो चालतो. ती उठल्या उठल्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहासुद्धा अर्ध्या-पाऊण तासानं. ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोललाही न्याहारीच्या अर्धा तास आधी हे बरोबर. पण शुगरच्या ग्लिमेपिराइडपुढं एसी असेल, तर त्याचा अर्थ 'ताट वाढलेलं आहे, गोळी घ्या आणि जेवायला बसा' असा आहे. ही गोळी स्वादुपिंडाकडून जास्तीचं इन्सुलिन सोडवून घेते. पोटात अन्न गेलंच नाही तर शुगर घसरत राहते.

आमच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर जातात. जाण्याआधी लोक दुकानात येऊन पुढच्या महिन्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या बांधून नेतात. काही वर्षांपूर्वी एक मावशी हंगाम संपवून परत आल्यावर म्हणाल्या, "भाऊ, ही गोळी मला मानवत नाही. फडात गेलं की हातपाय थरथर करतेत, घाम सुटतो, डोळ्यापुढं अंधारी येते." गोळी किती वाजता घेता, असं विचारलं. "चारला उठते, तोंड धुतलं की घेते. उपाशीपोटीच घ्यायची ना?" आणि भाकरी? "ती फडात, धाच्या पुढं."

म्हणजे गोळी आणि भाकरी यांत सहा तास. असं जवळजवळ पाच महिने. चक्कर आली की बरोबरच्या बाया त्यांना उसाचं कांडं सोलून द्यायच्या आणि त्यानं बरं वाटायचं. शुगर असून ऊस खाते म्हणून त्यांना उलट अपराधी वाटत होतं. खरं तर त्या कांड्यानंच त्यांना वाचवलं होतं. त्यांनी पिशवीतून जुनं पाकीट काढून दाखवलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर एसी लिहिलेलं, ते बरोबरच होतं. पाकिटावर निळ्या पेनानं 'उपाशीपोटी' लिहिलेलं होतं आणि ते अक्षर माझ्याच दुकानातलं होतं. त्या दिवसापासून ग्लिमेपिराइडच्या प्रत्येक पाकिटावर मी 'भाकरी समोर आल्यावर' असं लिहितो आणि तोंडानंही सांगतो. तुमच्या वडिलांना ही गोळी असेल तर एवढं नक्की पाळा: जेवण चुकणार असेल, एकादशी असेल, रोजा असेल, तर गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. थरथर आणि घाम सुटला तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर परत द्या आणि दवाखाना गाठा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका.

शुगरच्याच मेटफॉर्मिन या गोळीचं उलट आहे. ती पीसी, कारण रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ आणि जुलाब होतात.

आता एसओएस. हे 'सी ओपस सीट', म्हणजे गरज पडली तर. पीआरएन लिहिलं असेल तरी अर्थ तोच. आपण ग्राहकाला मराठीत सांगतो 'लागेल तेव्हा घ्या', आणि ऐकणाऱ्याला त्यात मर्यादा कुठंच ऐकू येत नाही. आमच्या इथले एक आप्पा, बीपीची गोळी चालू, गुडघे धरलेले. त्यांना एका चिठ्ठीवर दुखण्याची गोळी एसओएस लिहून दिली होती. आप्पांनी ती सकाळ-संध्याकाळ दोन महिने घेतली. पायावर सूज आली, बीपी गोळी चालू असून वर राहायला लागलं आणि रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) वाढलेलं. मी म्हणालो, आप्पा, ही लागेल तेव्हाच घ्यायची होती. ते म्हणाले, "मग रोजच लागते की." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. गुडघा रोज दुखत होता, त्यांनी रोज घेतली.

डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळीबरोबर त्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडावर दुहेरी ताण येतो. म्हणून एसओएस दिसलं की तीन गोष्टी विचाराच: दोन गोळ्यांत किती तासांचं अंतर, दिवसात जास्तीत जास्त किती, आणि सलग किती दिवस चालेल. पॅरासिटामॉल ६५० ला मी किमान सहा तासांचं अंतर सांगतो आणि सर्दीच्या गोळीतही बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतं याची आठवण करून देतो. चिठ्ठीवर त्याला पीसीएम लिहितात.

गोळीच्या नावाच्या शेवटीही अक्षरं असतात, ती वेळेची नाहीत. एसआर, ईआर, एक्सआर म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी. ती चावायची नाही, कुटायची नाही, पाण्यात विरघळवायची नाही, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. मेटफॉर्मिनच्या एसआर गोळीचं टरफल कधीकधी संडासात तसंच दिसतं. लोक घाबरून येतात की गोळी पचलीच नाही. औषध आधीच निघून गेलेलं असतं, ते नुसतं खोळ असतं. डीएसआर असेल तर ॲसिडिटीच्या औषधाबरोबर डोमपेरिडोन हे मळमळ-उलटीचं औषध आहे. सीव्ही म्हणजे अमॉक्सिसिलिनसारख्या अँटिबायोटिकबरोबर क्लॅव्हुलॅनिक ॲसिड. डीटी ही पाण्यात विरघळवून द्यायची, बहुधा लेकरांसाठी.

या अक्षरांवर मात्र आंधळा भरवसा ठेवू नका. शुगरच्या गोळीमागचं 'एम' म्हणजे मेटफॉर्मिन आणि सर्दीच्या गोळीमागचं 'एम' म्हणजे मॉन्टेलुकास्ट. दोन डॉक्टरांची दोन पाकिटं घरात असतील, एक 'ग्लिमेपिराइड एम' आणि एक नुसती मेटफॉर्मिन, तर मेटफॉर्मिन दुप्पट जातंय का ते बघा. हे मी महिन्यातून एकदा तरी पकडतो. माणूस अंबाजोगाईला एकदा दाखवतो, लातूरला एकदा, आणि दोन्ही चिठ्ठ्यांवरची औषधं सुरू ठेवतो.

आठवड्यातून एकदा घ्यायच्या औषधांची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. व्हिटॅमिन डी ६०,००० ची कॅप्सूल लोक रोज घेतात. संधिवातासाठी दिलेली मेथोट्रेक्सेट रोज घेतली तर तोंड सोलपटतं, रक्तातल्या पेशी घसरतात, जिवावर बेतू शकतं. ती गोळी असेल तर वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. सोमवार ठरला की सोमवारच.

वडिलांना पुढं कधी इन्सुलिन लागलं तर एक लक्षात असू द्या. युनिटसाठी लिहिलेलं 'यू' घाईत शून्यासारखं दिसतं, १० चे १०० वाचले जातात. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २००४ मध्ये 'वापरू नका' अशी यादी काढली, त्यात हे 'यू' आहे. आपल्याकडं इन्सुलिनची ४० ची बाटली आणि १०० ची बाटली (एका मिलिलिटरमध्ये तेवढे युनिट) दोन्ही मिळतात. ४० ला लाल टोपणाची सुई, १०० ला नारिंगी. बाटली आणि सुई यांचा आकडा जुळलाच पाहिजे.

चिठ्ठीच्या डाव्या बाजूला जे असतं (सी/ओ म्हणजे तक्रार काय, के/सी/ओ म्हणजे आधीपासूनचा आजार, डीएम म्हणजे मधुमेह, एचटीएन म्हणजे रक्तदाब) ते डॉक्टर एकमेकांसाठी लिहितात. वाचता आलं तर चांगलं, नाही आलं तरी गोळी चुकत नाही.

अक्षर लागत नसेल तर विचारायला संकोच करू नका. २०१६ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेनं आपल्या नियमात दुरुस्ती करून डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव (कंपनीनं दिलेलं नव्हे, मूळ औषधाचं) सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं असं सांगितलं आहे. औषध देणाऱ्यालाही अंदाजानं देण्याचा अधिकार नाही. नाव लागलं नाही तर मी दवाखान्यात फोन लावतो, गर्दी कितीही असो. काउंटरवरून निघण्याआधी प्रत्येक पाकिटावर मराठीत वेळ लिहून घ्या आणि मग तुम्ही ती मोठ्यानं वाचून दाखवा. 'समजलं का?' असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. वाचून दाखवताना चूक लगेच कळते. गोळ्यांची पट्टी कापून घेत असाल तर मुदत संपायची तारीख असलेला तुकडा घरात राहू द्या, गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढा.

तुमच्या वडिलांच्या चिठ्ठीतली एक गोष्ट मात्र राहिली आहे: एसओएसपुढं कोणत्या औषधाचं नाव आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पॅरासिटामॉल असेल तर वरचं अंतर पाळून द्या. दुखण्याची दुसरी कुठली गोळी असेल, तर बीपी आणि शुगर दोन्ही आहेत हे सांगून डॉक्टरांना आजच फोन करा, आणि ते काय म्हणाले ते इथं खाली कळवा.