कॅरिबियनमधलं सिंट युस्टेशियस बेट बघायला कसं जावं, आणि किती दिवस पुरतील?

पांढरी वाळू आणि दिवसभर पोहणं डोक्यात असेल तर स्टेशियाला (तिथले लोक बेटाला हेच म्हणतात) जाऊ नका. वाळू ज्वालामुखीची, काळपट. झीलांडियाचा लांब किनारा तर नुसता बघायचा. तिथे पाण्याची ओढ जीवघेणी आहे. इतिहास, डोंगर किंवा डायव्हिंग यासाठी जात असाल, तर पूर्ण चार दिवस ठेवा.

लोक फसतात ते व्हिसात. बेट नेदरलँड्सचं, पण शेंगेनमध्ये (युरोपातल्या देशांच्या सामाईक व्हिसात) नाही. भारतीय पासपोर्टवर डच कॅरिबियनचा वेगळा व्हिसा लागतो. काहींना त्यातून सूट असते. ती तिकीट काढण्याआधी डच वकिलातीत विचारून घ्या. ॲमस्टरडॅम किंवा पॅरिसहून सिंट मार्टेन या शेजारच्या बेटावर, तिथून छोट्या विमानाने वीसेक मिनिटं. दोन्ही तिकिटं वेगळी असतील तर सिंट मार्टेनला एक रात्र धराच, पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरं थांबत नाही. चलन अमेरिकन डॉलर. वीज ११० व्होल्ट, म्हणजे फोनचा चार्जर चालेल, घरून नेलेल्या किटलीत चहाचं पाणी उकळायला मात्र फार वेळ लागेल.

ओरान्येस्टाड गाव दोन पातळ्यांवर आहे: कड्यावर किल्ला, खाली बंदर. १७५६ पासून हे खुलं, म्हणजे जकात नसलेलं, बंदर होतं. १७७० च्या दशकात इथे वर्षाला दोन-तीन हजार जहाजं लागत. साखर, कापड, ब्रिटनविरुद्ध बंड केलेल्या अमेरिकनांसाठी दारूगोळा, आणि माणसंही, सगळ्याचा सौदा इथे होई. १६ नोव्हेंबर १७७६ ला किल्ल्याने अमेरिकन जहाजाच्या सलामीला तोफांनी उत्तर दिलं. ब्रिटिशांना ते झोंबलं. फेब्रुवारी १७८१ मध्ये ब्रिटिश ॲडमिरल रॉडनीने बेट घेतलं, पण डच झेंडा मुद्दाम तसाच फडकत ठेवला, म्हणजे बेसावध व्यापारी आपणहून जाळ्यात यावेत.

त्या काळच्या व्यापारी वखारींचे अवशेष खालच्या गावात आहेत, काही भिंती तर पाण्यात. भिंतीजवळ उभं राहून विटा बघा: काळ्या दगडांमध्ये दोन बोटं जाडीच्या पिवळ्या विटा दिसतील. त्या हॉलंडहून आल्या, जहाज स्थिर राहावं म्हणून तळाशी भरलेल्या. निळे पाचकोनी काचेचे मणीही पाण्यात सापडतात. असं काही दिसलं तर बघा आणि तिथेच राहू द्या.

स्क्युबा डायव्हिंग स्थानिक डाइव्ह सेंटरसोबतच करायचं. ते पहिल्या दिवसांत उरका, कारण शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी २४ तास मोकळे हवेत. उरलेल्या दिवशी क्विल हा ज्वालामुखी चढा. उंची ६०१ मीटर, पण बहुतेकजण विवराच्या कडेपर्यंतच जातात. विवरात उतरायची वाट शेवाळलेल्या दगडांची आहे. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर कडेवरूनच आतलं जंगल बघून परत फिरा.