जुना सीसीडी कॅमेरा घ्यावा का?

२०१०च्या आधीचा सीसीडी कॅमेरा सेकंडहँड घ्यावा का आणि त्याचे रंग सीमॉसपेक्षा खरंच सरस असतात का, असं तुम्ही विचारलंय. सीसीडी आणि सीमॉस हे प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचे, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चिपचे, दोन प्रकार; मोबाइलमध्ये असतो तो सीमॉस. कॅमेरा हौसेने जरूर घ्या, पण रंगांचं श्रेय सीसीडीला देऊ नका.

सेन्सर ज्याचा बनतो त्या सिलिकॉनला रंग कळतच नाही. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि पिक्सेलमध्ये साठतात, एवढंच. रंग येतो तो वरच्या फिल्टरांच्या जाळीमुळे. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांच्या मांडणीला १९७६ साली पेटंट मिळालं, ती आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे: निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. पुढचं सगळं कंपनीचं प्रोसेसिंग. तुम्हाला आवडतो तो 'सीसीडी लुक' मुख्यतः त्या काळच्या प्रोसेसिंगचा आणि समोरून मारलेल्या फ्लॅशचा आहे.

खरा फरक साठलेला चार्ज, म्हणजे त्या इलेक्ट्रॉनांचा विद्युतभार, बाहेर काढण्यात आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली सीसीडीची कल्पना मांडली. २००९चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. स्लॅब टाकताना घमेली हातोहात पुढे जातात, तसा यात चार्ज एका पिक्सेलमधून शेजारच्यात सरकत कडेपर्यंत जातो आणि तिथल्या एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर (संकेत मोठा करणाऱ्या सर्किटवर) मोजला जातो. मोजमाप एकसारखं होतं, पण वेळ लागतो आणि बॅटरीही जास्त लागते.

सीमॉसमध्ये प्रत्येक पिक्सेललाच अ‍ॅम्प्लिफायर असतो. हे सगळे तंतोतंत सारखे नसल्याने सुरुवातीला चित्रात नॉइज, म्हणजे नको असलेले ठिपके-रेघा, फार यायचा. १९९०च्या दशकात नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेत एरिक फॉसम यांच्या गटाने अंतराळयानांसाठी लहान, कमी वीज खाणारे कॅमेरे बनवताना हा प्रश्न मार्गी लावला. त्यात नोबुकाझू तेरानिशी यांच्या १९८०च्या पिन्ड फोटोडायोडची (नॉइज कमी ठेवून प्रकाश टिपणाऱ्या पिक्सेल-रचनेची) भर पडली आणि सीमॉस मोबाइलपर्यंत पोचला. माझ्या मते सेन्सरच्या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे.

सीसीडी संपला मात्र नाही. थंड ठेवून लांब एक्स्पोजर द्यायचं असेल तर खगोलशास्त्रात तो अजून वापरतात. जुन्नरजवळच्या गिरवलीत आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेच्या दोन मीटर दुर्बिणीवर सीसीडी कॅमेरा आहे. चिलीतल्या रुबिन वेधशाळेच्या ३२०० मेगापिक्सेल कॅमेऱ्यात तर १८९ सीसीडी आहेत.

घेताना एक पाहा. एखादा प्रखर दिवा चौकटीत आणलात की स्क्रीनवर उभी चमकती रेघ दिसेल. तो बिघाड नाही. चार्ज सरकत असतानाही प्रकाश पडत राहतो, त्याची ती खूण आहे. मेकॅनिकल शटर असेल तर फोटोत ती येत नाही, म्हणून एक फोटो काढूनच खात्री करा.