ख्रिस्ती श्रद्धेवर आधारलेले मराठी कॉमिक प्रकाशकाविना कसे काढावे?

आपण वसईत राहता आणि प्रकाशक नसताना असे कॉमिक काढू इच्छिता, म्हणून संपूर्ण बायबल चित्रित करण्याचा हव्यास सोडून एकच प्रसंग ८ पानांत मांडावा, असे मी सुचवेन. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात रात्रभर राबून हात रिकामे राहिलेले कोळी जाळी धूत आहेत. अर्नाळ्याच्या वाचकाला हे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही. मात्र चित्र मूळ प्रसंगातल्या गालील समुद्राचे असेल, तर भरती-ओहोटी दाखवू नये, कारण ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे. कथा आजच्या वसईत घडत असेल, तर संवाद खुशाल सामवेदी बोलीत लिहावेत. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात छापलेल्या क्रिस्तपुराणात येशूचे चरित्र मराठी ओवीत आणले होते, तेव्हा ‘हे आपल्या भाषेत शोभेल का’ ही शंका जुनीच आणि निकाली निघालेली आहे.

खरी कसोटी अक्षरांची असते. संवादाच्या फुग्यात ओळी जवळ आल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे फुटतात. त्यामुळे एक पान आधी छापून पाहावे. पिन मारायच्या अंकाची पाने ४च्या पटीत ठेवावीत. वचने एखाद्या प्रचलित भाषांतरातून जशीच्या तशी घ्यायची असल्यास हक्कधारकाची लेखी परवानगी घ्यावी. विक्रीसाठी, धर्मगुरूंच्या संमतीने, रविवारच्या मिस्सानंतर (सामूहिक उपासनेनंतर) चर्चच्या आवारात टेबल मांडता येईल.