बंदरात नेहमीपेक्षा खूपच खाली ओहोटी लागणार आहे, फोटोसाठी कधी जाऊ आणि कुठली लेन्स नेऊ?

आधी गोल्डन अवरचा (सूर्योदय-सूर्यास्ताच्या सुमाराच्या सोनेरी उजेडाचा) हट्ट सोडा. दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते अशा बंदरात उधाणाची मोठी ओहोटी दर वेळी साधारण त्याच सुमाराला लागते, म्हणजे तुमच्याकडे ती दुपारी लागत असेल तर पुढच्या अमावस्या-पौर्णिमेलाही दुपारच्याच आसपास लागणार, मग सूर्यास्ताला तळ उघडा पडेल म्हणून थांबलात तर थांबूनच राहाल 😄 (सकाळ-संध्याकाळची वेळ असेल तर नशीबवान आहात). भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात पाण्याच्या उंचीचा उणे आकडा असेल तर नक्की जा. हवेचा दाब जास्त असला किंवा वारा जमिनीकडून समुद्राकडे असला तर पाणी त्याहूनही खाली जातं.

ओहोटीच्या वेळेआधी दीड-दोन तास पोचा. मला तरी अगदी तळ गाठलेल्या क्षणापेक्षा त्याआधीचा तास आवडतो, कारण चिखलातून छोटे ओहळ अजून वाहत असतात, एका अंगावर कलंडलेल्या होड्यांच्या दोऱ्या ढिल्या पडलेल्या असतात आणि नांगराची साखळी चिखलात कुठून कुठे गेलीय ते सगळं दिसतं. धक्क्याचे खांब तर जवळून बघाच, वर कोरडं लाकूड, मग बार्नेकलचा (लाकडाला चिकटून राहणाऱ्या छोट्या कवचधारी जीवांचा) पांढुरका खरबरीत पट्टा, त्याखाली हिरवं शेवाळ आणि सगळ्यात खाली एरवी कायम पाण्यात असणारा काळा ओला भाग, हा एकच फोटो पाणी किती उतरलंय ते सांगतो.

लेन्स म्हणाल तर ७०-२०० मिमीची टेलिफोटो. वाइड लेन्स सगळेच लावतात आणि हाती येतो नुसता करडा चिखल. दुपारच्या उन्हात पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा, चकाकी कमी करणारा फिरता फिल्टर) हवाच, ओल्या शेवाळावरची चकाकी जाऊन रंग येतो, फक्त पूर्ण फिरवू नका, नाहीतर डबक्यांतली प्रतिबिंबंही गायब होतात. फ्रेमभर काळा चिखल असेल तर कॅमेरा उगाच उजळ करतो, एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप कमी ठेवा.

आणि चिखलात उतरू नका प्लीज. वरून घट्ट दिसतो, पाय मात्र गुडघ्यापर्यंत जातो, ट्रायपॉडचं तर विचारूच नका. पाणी वळलं की पहिला तास सावकाश चढतं, तिसऱ्या-चौथ्या तासाला सगळ्यात वेगाने, आणि ते समोरून येत नाही, खोलगट चरांमधून आधी तुमच्या मागे भरतं. धक्क्यावरून किंवा होड्या उतरवायच्या पक्क्या उतारावरून ९० टक्के फोटो मिळतात.