चष्मा लावला की चेहराच पुसला जातो!

वाचकांचे प्रश्न : कोड आणि चित्रं

प्रश्न : ताई, स. न. वि. वि. मी क्रिप्टोपंक्स या डिजिटल पिक्सेल-चेहऱ्यांच्या संग्रहासारखे छोटे चेहरे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत बनवतोय. चेहरा, केस, चष्मा अशा वेगवेगळ्या पीएनजी फाइली काढल्या आहेत, सगळ्या २४ बाय २४ पिक्सेलच्या. पण चेहऱ्यावर चष्मा चिकटवला की नुसता चष्मा उरतो. शिवाय चित्र ५०० बाय ५०० केलं की कडा धूसर होतात. माझं काय चुकतंय?
– कॉलेजात शिकणारा एक वाचक

उत्तर : तुझी चित्रं ठीक आहेत, गडबड चिकटवताना होते आहे. पिलो या पायथनच्या चित्रांसाठीच्या लायब्ररीतल्या ‘पेस्ट’ला तू चित्र आणि जागा एवढंच देत असणार. मग ते चष्म्याच्या फाइलीतले सगळेच्या सगळे ५७६ पिक्सेल खाली उतरवतं, पारदर्शकसुद्धा. चष्म्याभोवती आपल्याला काही दिसत नसलं तरी तिथे पिक्सेल असतातच, आणि ते चेहऱ्याच्या जागी जाऊन बसतात. म्हणून ‘पेस्ट’ला तिसरी गोष्ट द्यायची, ती म्हणजे मास्क. चष्म्याचंच चित्र मास्क म्हणून पुन्हा दे. जिथे रंग आहे तेवढंच उतरेल. मी स्वतः ‘अल्फा कंपोझिट’ वापरते. त्याला दोन्ही चित्रं आरजीबीए प्रकारची (लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता अशा चार आकड्यांची) आणि एकाच मापाची लागतात, आणि माप तर तू सारखं ठेवलंच आहेस.

आता धूसर कडा. मोठं करताना काही सांगितलं नाही, तर पिलो शेजारच्या रंगांमधून मधल्या छटा तयार करतं. फोटोला ते शोभतं, पिक्सेल आर्टची मात्र त्याने वाट लागते. ‘रीसाइझ’ला ‘निअरेस्ट’ सांग, म्हणजे नव्या छटा न बनवता ते जवळच्या पिक्सेलचाच रंग घेईल. आणि ५०० चा हट्ट सोड. ५०० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे काही चौकोन २० पिक्सेलचे होतील, काही २१ चे. डोळे लहान-मोठे दिसायला लागतात ते यामुळेच. ४८० घे, प्रत्येक चौकोन बरोबर २० चा होईल. फाइल पीएनजीच ठेव. जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही आणि कडांशी डाग पडतात.

थरांचा क्रमही एकदा कागदावर लिहून काढ. आधी चेहरा, मग गालावरचे डाग, दाढी, ओठ, केस, चष्मा, टोपी, शेवटी तोंडातला पाइप. दाढी ओठांच्या नंतर आली तर ओठ झाकले जातात. टोपी केसांच्या आधी आली तर केस टोपीतून वर उगवतात. या कामात बुद्धी लागते ती इथे. बाकीचा कोड दहा-पंधरा ओळींचा आहे.

तू विचारलं नाहीस, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही : चित्रांच्या फाइली बाजूला ठेवून एक तरी भाग थेट कोडमध्ये मजकूर म्हणून लिहून बघ. भरतकामाच्या आलेखासारखा. हा चष्मा बघ :

ककककककककक
०कनक०कनक०
०ककक०ककक०

‘क’ म्हणजे काळा, ‘न’ म्हणजे निळा, ‘०’ म्हणजे पारदर्शक. एका डिक्शनरीत (पायथनमधली जोड्यांची यादी) प्रत्येक अक्षरासमोर रंगाचे चार आकडे लिही, दोन लूप लाव, अक्षर वाच आणि ‘पुटपिक्सेल’ने ठिपका ठेव. पायथन ३ ला देवनागरी अक्षरं चालतात. एवढंच बघ, की अक्षराला काना-मात्रा नको. ‘का’ आपल्याला एक अक्षर दिसलं तरी पायथन ती लांबी दोन मोजतो आणि पुढची सगळी ओळ एक घर सरकते. सगळ्या ओळींची लांबी सारखी आहे ना, हे कोडलाच तपासायला लाव. असा लिहिलेला चष्मा एक घर वर न्यायला चित्रकलेचं सॉफ्टवेअर उघडावं लागत नाही, आणि भिंगाचा रंग बदलायचा तर डिक्शनरीतली एकच ओळ बदलते.

प्रश्न : हजारो चेहरे बनवताना एकही दुसऱ्यासारखा होणार नाही आणि काही दुर्मीळ राहतील, हे कसं साधायचं?
– एक वाचक

उत्तर : जोड्या भराभर वाढतात. केसांचे १०, डोळ्यांचे ६, ओठांचे ५ आणि टोप्यांचे ८ प्रकार असले तरी २,४०० चेहरे होतात. निवडलेली प्रत्येक जोडी एका ‘सेट’मध्ये (एक गोष्ट एकदाच ठेवणारी यादी) टाकत जा, आधीच असली तर पुन्हा निवडा.

दुर्मीळपणासाठी बरेच जण ‘रँडम चॉइसेस’ला वजनं देतात. त्याने अंदाजे प्रमाण मिळतं, नेमकी संख्या मिळत नाही. मूळ क्रिप्टोपंक्स संग्रहातल्या १०,००० पंकांमध्ये, म्हणजे चेहऱ्यांमध्ये, ६,०३९ पुरुष, ३,८४० स्त्रिया, ८८ झोंबी, २४ वानर आणि ९ परग्रहवासी आहेत. तुम्हाला ९ म्हणजे ९च हवे असतील, तर तेवढ्या नोंदींची पूर्ण यादी करा आणि ती ‘शफल’ करा. सुरुवातीला ‘सीड’, म्हणजे यादृच्छिक निवडीचा आरंभीचा आकडा, ठरवून दिलंत, तर उद्या पुन्हा चालवल्यावर हेच चेहरे याच क्रमाने येतील. आणि ‘काहीच नाही’ हाही एक पर्याय ठेवा. मूळ संग्रहात ८ पंकांवर एकही अलंकार (चष्मा, टोपी वगैरे) नाही, आणि ते साधे चेहरे मला फार आवडतात.

प्रश्न : मी क्रिप्टोपंक्समधला ७८०४ क्रमांकाचा पंक हुबेहूब उतरवला. मग खऱ्यात आणि माझ्यात फरक काय? मी तो विकू शकते का?
– एक वाचिका

उत्तर : तो उतरवलात याचं कौतुक. फिकट निळसर परग्रहवासी, टोपी, छोटा काळा चष्मा आणि पाइप. थर शिकायला इतका चांगला नमुना क्वचित मिळतो. दिसण्यात फरक काहीच नाही. फरक नोंदीत आहे. लार्वा लॅब्सच्या मॅट हॉल आणि जॉन वॉटकिन्सन यांनी जून २०१७ मध्ये हे चेहरे इथेरियम या ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक डिजिटल नोंदवहीवर, आणले, तेव्हा त्या नोंदी सांभाळणाऱ्या करारात (‘स्मार्ट काँट्रॅक्ट’ या प्रोग्रॅममध्ये) चित्रं नव्हतीच. कुठला क्रमांक कुणाचा, ही यादी होती आणि सगळे चेहरे एकत्र असलेल्या एका मोठ्या चित्राचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलीवरून काढलेला ठशासारखा आकडा, होता. चित्रं स्वतः ब्लॉकचेनवर गेली ऑगस्ट २०२१ मध्ये. हॅश फाइलीच्या बाइट्सवरून निघतो. तुम्ही दहाही हजार चेहरे पिक्सेल न पिक्सेल जुळवलेत, तरी तुमची पीएनजी वेगळ्या तऱ्हेने दाबली जाते आणि हॅश बहुतेक वेगळाच येतो.

विकू नका. तो चेहरा दुसऱ्यांनी घडवला आहे आणि त्याचे हक्क तुमच्याकडे नाहीत. सरावासाठी हवे तेवढे उतरवा, मात्र कुठे दाखवलेत तर ‘सरावाची प्रतिकृती’ असं खाली लिहा. तुमचा थर लावणारा कोड सगळा तुमचाच आहे. त्यात २४ बाय २४ च्या जागी १६ बाय १६ घ्या आणि चेहरा, केस, डोळे नव्याने काढा. २५६ चौकोनांत डोळ्याला दोनच पिक्सेल वाट्याला येतात, त्यामुळे त्यातला चकाकीचा पिक्सेल डावीकडे ठेवायचा की उजवीकडे, हे सगळ्यात आधी ठरवा आणि मग सगळ्या चेहऱ्यांना तेच पाळा.