नुसती इंजिनं, माणसं कुठेच नाहीत

प्रश्न: ताई, माझं वय बासष्ट. तेराव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत मी आणि माझा एक मित्र वाफेच्या इंजिनांचे फोटो काढत हिंडायचो. साधा डबा-कॅमेरा होता, तो त्याचा. रोलचे आणि रोल धुवायचे पैसे माझे. ड्रायव्हरकाकांना आम्ही ‘अर्धं चाक पुढे घ्या ना’ म्हणून विनवायचो, कधीकधी ते घ्यायचेही. वहीत प्रत्येक फोटोचा नंबर, इंजिनाचा नंबर, तारीख आणि फोटो कुणी काढला ते आद्याक्षरानं लिहिलंय. मध्ये माणूस आला, फोटो हलला, तर पुढे ‘वाया’ असा शेरा.

आता आम्ही लहान घरात राहायला जातोय. निगेटिव्ह पत्र्याच्या डब्यात आहेत. बायको म्हणते, डब्याला आंबट वास येतो, टाका एकदाचा. मुलानं थोड्या निगेटिव्ह मोबाइलवर उलट्या करून पाहिल्या आणि म्हणाला, “बाबा, सगळे सारखेच आहेत. नुसती इंजिनं, माणसं कुठेच नाहीत.” मला लागलं, पण तो खोटं बोलत नाही. मित्राशी बोलणं केव्हाच थांबलंय. गाव सोडताना त्यानं अर्ध्या निगेटिव्ह मागितल्या होत्या, मी दिल्या नाहीत. टाकून देऊ का सगळं?
— एक माजी इंजिनवेडा

उत्तर: भाऊ, सगळ्यात आधी वहिनींचं नाक बरोबर आहे हे मान्य करा. तुमच्या निगेटिव्हची पट्टी सेल्युलोज ॲसिटेटची असणार. उष्ण, दमट हवेत ती वर्षानुवर्षं हळूहळू कुजते आणि कुजताना ॲसेटिक ॲसिड सोडते. व्हिनेगरला ज्याचा वास येतो, तेच हे. या आम्लानं कुजणं आणखी वेग घेतं, आणि ते शेजारच्या चांगल्या पट्ट्यांनाही लागतं. घट्ट झाकणाच्या डब्यात त्याला बाहेर पडायला वाटच नसते. पुढे पट्टी आकसते, तिच्यावरचा चित्राचा थर सुरकुततो, आणि मग कुणाचाच इलाज चालत नाही.

तेव्हा ठेवायचं की टाकायचं हे ठरेपर्यंत डबा बंद ठेवू नका. आजच उघडा. वास येणाऱ्या पट्ट्या एकीकडे, बाकीच्या दुसरीकडे करा. सुती हातमोजे घालून फक्त कडांना धरा. जुनी चिकट प्लॅस्टिकची पाकिटं, विशेषतः पीव्हीसीची, काढून टाका आणि पॉलिप्रॉपिलिनची किंवा आम्लरहित कागदाची पाकिटं आणा. जागा थंड आणि कोरडी हवी. माळा नको, तो तापतो. वासाच्या पट्ट्यांचे स्कॅन आधी करून घ्या, कारण त्यांच्याकडे वेळ कमी आहे.

आता मुलाचं म्हणणं. सगळे सारखे असणारच! या वेडात पडलेली पोरं कुठल्याही देशातली असोत, फोटो एकाच तऱ्हेनं काढतात. ऊन पाठीशी. इंजिन जरा तिरकं, म्हणजे नाकही दिसेल आणि एक बाजूही. धुराड्यापासून टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या, टोकापर्यंत सगळं चौकटीत. आणि चाकांना जोडणारा दांडा फिरत फिरत अगदी खाली आलेला, कारण तो खाली असला की चाकांच्या आऱ्या मोकळ्या दिसतात. तुमचं ते ‘अर्धं चाक पुढे घ्या ना’ याचसाठी होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. मुलाला मात्र सांगावं लागेल. त्याला वाटलं असेल, बाबांना दुसरं काही सुचलं नाही.

शिवाय कॅमेरा. डबा-कॅमेऱ्याच्या शटरचा वेग साधारण १/३० ते १/५० सेकंद. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी १/५० सेकंदात फूटभर पुढे सरकते. समोरून आडवी जाणारी गाडी त्यात पुसटच येणार. तुमच्या रोलवर बहुधा बारा चौकोनी फोटो, आणि पैसे तुमच्या खिशातले. मग उभी इंजिनं काढायची नाहीत तर काय करायचं? इंजिनांच्या शेडमध्ये थांबलेली, पाणी भरणारी, सिग्नलची वाट बघणारी. तुमच्या संग्रहात वेगाचा थरार नाही, तो तेवढ्या पैशात मिळतही नव्हता.

आणि हा सारखेपणा तुमच्या कामाचा आहे. एकाच कोनातून, जवळपास एकाच अंतरावरून काढलेले फोटो शेजारीशेजारी ठेवा. मग फरक दिसायला लागतात. याचा दिवा खाली घेतलाय, त्याच्या टेंडरला ठिगळ मारलंय, याच्या बॉयलरवरची नळी दुसऱ्या बाजूनं नेलीय, त्याचा नंबर पितळी पाटीऐवजी रंगानं लिहिलाय. जुनं इंजिन पुन्हा चालू करण्यासाठी राबणारे लोक आणि हुबेहूब मॉडेल बनवणारे लोक नेमकं हेच शोधत असतात. सूर्यास्त, धुराचा लोट, काळी आकृती असले देखणे फोटो त्यांच्या उपयोगाचे नसतात, त्यांत नळी कुठून गेली ते दिसत नाही. (मला स्वतःला ते सूर्यास्तवाले फोटो जरा कंटाळवाणेच वाटतात, पण ते असो.)

तुम्ही म्हणाल, इंजिनांचे फोटो जगात काय कमी आहेत? नाहीत. पण ते कशाचे आहेत ते बघा. ‘मॅलार्ड’ या ब्रिटिश इंजिनानं १९३८ साली ताशी १२६ मैलांचा वेग गाठला, वाफेच्या इंजिनांचा विक्रम केला. त्याचे फोटो हवे तेवढे मिळतील. ब्रिटिश रेल्वेनं मुख्य मार्गांवरची वाफ बंद करताना ११ ऑगस्ट १९६८ रोजी लिव्हरपूलहून कार्लाइलला जाऊन परत येणारी निरोपाची गाडी सोडली. तिकीट पंधरा गिनी (पैसे मोजायचं जुनं ब्रिटिश माप), म्हणजे तेव्हा चांगलंच महाग. तरी गाडी भरली, आणि रुळांच्या कडेला कॅमेरे घेऊन माणसंच माणसं. त्या एका दिवसाचे फोटो ढिगानं आहेत. पण त्याच्या आदल्या वर्षी कुठल्याशा यार्डात एखाद्या साध्या मंगळवारी मालडबे ढकलणारं कळकट शंटिंग इंजिन? त्याचा फोटो असलाच तर तुमच्यासारख्या एखाद्या शाळा बुडवून आलेल्या पोरानं काढलेला असेल. निरोपाला सगळे येतात. मंगळवारी कोण येतं?

‘माणसं कुठेच नाहीत’ हे मात्र मला पटत नाही. माणसं आहेत. तुम्ही त्यांच्यापुढे ‘वाया’ लिहून ठेवलंय.

वासाच्या पट्ट्या झाल्या की स्कॅनिंग त्या ‘वाया’ फोटोंपासून सुरू करा. सहा सेंटिमीटरच्या चौकोनी निगेटिव्हमध्ये तपशील भरपूर मावतो. मुलानं मोबाइलच्या पडद्यावर बोटाएवढं चित्र पाहिलं, त्यात काय दिसणार? मोठं करा आणि कोपरे बघा. इंजिनाच्या आड हात पुसणारा फायरमन (भट्टीत कोळसा घालणारा), फलाटावर ट्रंकेवर बसलेलं बिऱ्हाड, भिंतीवरची जाहिरात, घड्याळात वाजलेले किती. बारा फोटोंच्या हिशेबात तेव्हा ही सगळी अडगळ होती, म्हणून तुम्ही चिडून शेरा मारलात. त्या वयात तेच बरोबर होतं.

ओ. विन्स्टन लिंक नावाचा न्यूयॉर्कचा एक व्यावसायिक फोटोग्राफर १९५५ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या वाफेच्या गाड्या टिपत होता, त्याही बहुतेक रात्री, ढीगभर फ्लॅशबल्ब लावून. त्याचा सगळ्यांत गाजलेला फोटो १९५६ चा. उघड्यावरचं चित्रपटगृह, मोटारीत बसून सिनेमा बघणारं एक जोडपं, पडद्यावर विमान, आणि मागून धूर सोडत जाणारी मालगाडी. गाडी आहे मागे, नजर जाते त्या जोडप्याकडे. लिंकनं ते जोडपं मुद्दाम बसवलं होतं आणि पडद्यावरचं विमानही नंतर जोडलं होतं. तुमच्या चौकटीत फायरमन आपणहून शिरला. त्याला परत बाहेर काढू नका.

आता मुलाला दाखवायचं कसं? गप्प बसून चाळीस फोटो सरकवलेत तर कुणालाही सारखेच वाटतील. एकच फोटो पडद्यावर मोठा करा, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि बोलायला लागा. कुठली शेड, तिथे कोण हाकलायचं, कोण आत सोडायचं, काळा धूर दिसला की तुम्ही खूश आणि ड्रायव्हर नाखूश का. (काळा धूर म्हणजे कोळसा नीट जळत नाहीये, चांगल्या फायरमनला त्याची लाज वाटते. फोटो काढणाऱ्यांना मात्र तोच हवा असतो!) टाइप नंतर करता येईल. वहीतले नंबर आणि तारखा खजिना आहेतच, पण वहीत न लिहिलेलं जे तुमच्या डोक्यात आहे त्याला दुसरी प्रत नाही. मुलानं या छंदाच्या प्रेमात पडावं अशी अपेक्षा ठेवू नका. त्याच्याकडून फायलींना नावं देण्याचं काम करून घ्या, तेवढं पुरे.

हे सगळं पुढे कुणाला द्यायचं असेल तर रेल्वेचं संग्रहालय किंवा एखादा स्थानिक इतिहासाचा संग्रह गाठा. डबा उचलून नेऊन टाकू नका. आधी यादी आणि दहा-बारा चांगले स्कॅन पाठवा, मग विचारा. बिनतपशिलाचे फोटो कुणालाच नको असतात, तपशिलासकट असतील तर वेगळी गोष्ट. आणि हे पोरकट वेड म्हणून कुणी हसलंच, तर त्यांना बिशप एरिक ट्रेसी सांगा. इंग्लंडमधल्या वेकफील्डचे बिशप, जन्मभर आगगाड्यांचे फोटो काढले, आणि १९७८ साली ॲपलबी स्टेशनात वाफेच्या गाडीची वाट बघत असतानाच गेले. त्यांचा संग्रह आज यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

पण कुणालाही काही देण्याआधी एक हिशेब राहिलाय, आणि त्याबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी जेमतेम दोन वाक्यं लिहिलीत. ‘टाकून देऊ का’ याचं माझं उत्तर ‘नाही’ आहे, आणि त्याचं पहिलं कारण हेच: त्यातले अर्धे फोटो तुमचे नाहीतच.

कायद्यानं बघायचं तर यात गंमत आहे. ब्रिटनच्या १९५६ च्या कायद्यात फिल्म ज्याच्या मालकीची, तोच फोटोचा कर्ता मानला जायचा. तिथे तुम्ही जिंकला असता! भारताच्या १९५७ च्या कायद्यात कर्ता म्हणजे फोटो काढणारा. पण तुमच्या बाबतीत वकिलापर्यंत जायची गरज नाही. त्यानं काढलेल्या प्रत्येक फोटोपुढे तुम्ही स्वतःच्या हातानं त्याचं आद्याक्षर लिहिलंय. हा फोटो त्याचा, हे तेव्हा तुम्हाला मान्य होतं. अठराव्या वर्षी रोलच्या पैशांवर बोट ठेवून तुम्ही नाही म्हणालात, ते चुकलंच. मित्र गाव सोडून चालला होता, ते तुम्हाला सहन झालं नसेल, हे मी समजू शकते. पण त्याची किंमत त्यानं का मोजावी?

तेव्हा त्याचा पत्ता शोधा. लांबलचक पत्र लिहू नका. इतक्या वर्षांचा गहिवर एकदम अंगावर आला की माणूस उत्तर द्यायचं टाळतो. त्याच्या आद्याक्षराचा एक ‘वाया’ फोटो स्वच्छ स्कॅन करून पाठवा. खाली माफी एका वाक्यात मागा: “निगेटिव्ह तुझ्याही होत्या, मी द्यायला हव्या होत्या.” आणि लगेच असा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर फक्त त्यालाच ठाऊक असेल. “यातला फायरमन तोच का रे, जो आपल्याला आत घ्यायचा?” इंजिनाचा नंबर चुकीचा लिहून पाठवलात तरी चालेल. ज्याला हे वेड होतं त्याला चुकीचा नंबर बघवत नाही, निदान तो दुरुस्त करायला तरी लिहील.

उत्तर नाही आलं, तरी त्याच्या फोटोंना त्याचंच नाव द्या, संग्रहालयाच्या यादीतही. आलं आणि त्यानं मूळ निगेटिव्ह मागितल्या, तर त्याच्या वाट्याच्या सगळ्या, नव्या पाकिटात घालून, वहीच्या पानांच्या झेरॉक्ससकट देऊन टाका. स्कॅन तुमच्याकडे राहतातच. आणि या खेपेला रोलच्या पैशांचा विषय काढू नका.

— तुमची ताई