कुणाकडून?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल दोनदा वाचलं. मुवत्ता म्हणजे मदिनेचे धर्मशास्त्री इमाम मालिक यांचा ग्रंथ, आणि हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांची, कृतींची नोंद; त्यावरून तू विचारतेस, ‘मुवत्ताच्या दोन प्रती समोर आहेत, एकीत हदीस आहे, दुसरीत नाही, मग खरी कुठली?’ आणि शेवटी बारीक अक्षरात, ‘विषय बदलू का?’

विषयबिषय काही बदलायचा नाही. प्रश्न मात्र उलट्या टोकाने धरलास. खरी-खोटी नंतर बघू. कुठली प्रत कुणाकडून आली, ते आधी सांग.

इमाम मालिक मदिनेत वर्षानुवर्षं तो ग्रंथ शिष्यांकडून वाचून घेत होते, काटछाटही करत होते. ज्याने जेव्हा ऐकला, तेव्हाचा त्याने नेला. तुझी पहिली प्रत कॉर्डोबाच्या याह्या लैसींची. मालिक गेले त्याच वर्षी, म्हणजे हिजरी 179, इ.स. 795 मध्ये, त्यांनी तो ऐकला. दुसरी मुहम्मद शैबानींची. ते धर्मशास्त्री अबू हनीफांचे शिष्य, इराकातल्या कूफ्यात घडलेले, मदिनेत तीनेक वर्षं राहिलेले. ‘कर्मं हेतूवरून ठरतात’ ही तुझी हदीस शैबानींकडे आहे, याह्यांकडे नाही. पुढचे हदीस-संग्राहक बुखारी, त्यांनी ती मालिकांच्या सनदेनेही दिली आहे, तेव्हा मालिकांनी ती सांगितलीच नाही असं म्हणायची सोय नाही. (सनद म्हटलं की आपल्याला इनामाचा कागद आठवतो. इथे सनद म्हणजे कुणी कुणाकडून ऐकलं याची साखळी. तिच्यावाचून मजकुरावर हक्क नाही, म्हणून शब्द इथेही शोभतो.)

आता याह्यांच्या प्रतीत इतिकाफचं प्रकरण काढ. रमजानात मशिदीत एकांताला बसतात, त्याचे नियम. शेवटी शेवटी एकदम ‘जियादकडून, त्यांनी मालिकांकडून’ असं येतं. हा जियाद मध्येच कुठून उपटला? याह्यांनी सगळा ग्रंथ आधी गावातच जियादकडून ऐकला होता, मग मदिना गाठून खुद्द मालिकांकडून. पण त्या शेवटच्या भागापाशी त्यांना शंका राहिली, हे आपण मालिकांच्या तोंडून ऐकलं की नाही? दडपून नेलं असतं तर कुणाला कळणार होतं? त्यांनी नेलं नाही. थेट मालिकांचा शिष्य म्हणवण्याचा मान तेवढ्यापुरता सोडला आणि मधलं नाव लिहिलं.

शैबानींचं आणखी वेगळं. मालिकांची रिवायत, म्हणजे त्यांच्याकडून ऐकलेला मजकूर, जशीच्या तशी द्यायची आणि खाली आपलं मत लिहायचं: आम्ही हे घेतो, किंवा घेत नाही. गुरूशी भांडण आहे, पण गुरूच्या वाक्यात हात घातलेला नाही. तुम्हा मुलांना मत मांडायची भारी घाई. मांडा ना! पण वरची ओळ कुणाची आणि खालची कुणाची, ते कळू दे.

मी हे कुठल्या तोंडाने सांगतोय? माझ्या कपाटात कापडी बांधणीची एक वही आहे. हैदराबादेत राहून एका उन्हाळ्यात भरली. दायरतुल मआरिफ या तिथल्या प्रकाशन संस्थेने छापलेल्या ‘तहजीबुत् तहजीब’चे बारा खंड, नुसती रावींची, म्हणजे हदीस पुढे सांगणाऱ्यांची, चरित्रं, आणि मी त्यातून गोष्टी वेचत होतो. अक्षर मोत्यासारखं. पण खंड नाही, पान नाही, कुठली गोष्ट व्याख्यानात ऐकली आणि कुठली छापील, तेही नाही. पुढे त्यातलीच एक मी लेखात ‘ग्रंथात आहे’ म्हणून ठोकून दिली. एका वाचकाचं कार्ड आलं: कुठल्या ग्रंथात? उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. दिलंही नाही.

त्यानंतर मी हट्टाला पेटलो. प्रत्येक टिपेचा माग काढत बसलो, प्रबंध रखडला, मार्गदर्शक कंटाळले, नावापुढे डॉक्टर लागलंच नाही. लोक त्याला आळस म्हणतात. म्हणोत. प्रबंध अपुरा आहे, पण त्यातल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेव, कुणाकडून आली ते सांगतो. बरं, वाईट वाटत नाही असं नाही. तुझ्या काकूसमोर हे बोलू नकोस.

आणि हो, तुझं टिपण. पहिल्याच पानावर दुसरी ओळ, ‘असे म्हणतात की’. कोण म्हणतं? तिथे नाव घाल, पान घाल आणि मग पुन्हा पाठव. तिसरी ओळ मी अजून वाचलेली नाही.

तुझा,
सर